काट्यावरची पत्रं

पैज मीच लावली. नेहमी मीच लावतो. आणि नेहमी मीच जिंकतो, कारण हरायची शक्यता असलेली पैज लावायला मी काही खुळा नाही.

बेकरीसमोर पावाची रांग लागली होती. युद्ध सुरू झाल्यापासून रांग हीच गल्लीची बैठक. माझ्यापुढे वस्ताद उभा होता. आमचा केस कापणारा, भिंतीला भिंत लावून शेजारी, आणि स्वतःच्या डोक्यावर एक केस नाही. त्याच्या खिशातून एक लिफाफा डोकावत होता, गाभण मांजरीसारखा फुगलेला. वरचं अक्षर माझ्या पोराचं.

“किती पानं आली या खेपेला?” मी विचारलं.

“असतील सहा-सात.”

“आम्हाला अर्धं आलं. तेही एकाच बाजूनं.”

“घाईत असेल रे पोर.”

“तुला लिहून दमत असेल!”

रांगेतले हसले. मलाही हसावं लागलं, कारण मी बोललो की हसायचं असतं ही गल्लीला मीच लावलेली सवय. पण आत नुसता जाळ. मग तोंडातून निघून गेलं, “ऐक वस्ताद. या आठवड्याला आमचा लांब्या तुला आणि मला जे काही पाठवेल, ते शनिवारी बेकरीच्या काट्यावर टाकायचं. ज्याचं जड तो जिंकला.”

“आणि हरला तर?” बेकरीवाला कोपरापर्यंत पीठ माखलेले हात घेऊन बाहेरच आला.

“मी हरलो तर नळापाशी, सगळ्यांदेखत, यानं माझी अर्धी मिशी उतरवायची. हा हरला तर याच्या टकलावर मी रंगवणार, ‘केस वाढवण्याचा उपाय आत विचारा’.”

रांग खदखदली. वस्तादसुद्धा हसला. सात महिन्यांत पहिल्यांदा. “लागली,” म्हणाला.

सात महिने का, तेही सांगतो. आमचा लांब्या आणि त्याचा बुटक्या एकाच बाकावर शिकले, एकाच दिवशी भरती झाले. सात महिन्यांपूर्वी बुटक्या गेला. खांदा द्यायलाही काही आलं नाही, एक ट्रंक आली. तिची एक कडी मी धरली, एक वस्तादनं. मी रडलो. खोटं कशाला सांगू, ओक्साबोक्शी रडलो. पण त्यानंतर दर आठवड्याला वस्तादच्या दारात माझ्या पोराची जाडजूड पत्रं पडायला लागली, आणि आमच्या दारात चिठ्ठ्या. ज्याचं पोर गेलं त्याच्यावर जळणारा माणूस किती हलकट, हे मला कुणी शिकवू नये. जळणारा हलकटपणा मोजत बसत नाही. धूर बाहेर दिसू नये, एवढंच बघतो.

वर हा पठ्ठ्या पत्र कधी मोठ्यानं वाचायचा नाही. विचारलं की म्हणे, “खाजगी आहे.” माझ्या पोराचं माझ्यापासून खाजगी!

“अहो, त्यांचं पोर गेलंय,” बायको म्हणाली.

“म्हणून आपलं घ्यायचं?”

तिनं चहाचा कप असा आपटला की त्याचा कान तुटला. दोन दिवस मी बिनकानाच्या कपातून चहा प्यायलो, बोटं भाजत.

गुरुवारी पोस्टमनवहिनी आल्या. पोस्टमन लढाईवर, त्यामुळे पिशवी आता त्यांच्या खांद्यावर. त्यांनी मला लिफाफा दिला. हलका, पिसासारखा. पुढच्या दारात वस्तादच्या हातात दिला तो मात्र त्यांनाही दोन्ही हातांनी धरावा लागला. निदान मला तसं दिसलं.

मी किटलीच्या वाफेवर आमचा लिफाफा हळूच उघडला, टपाल तपासणाऱ्यांनी चिकटवलेली पट्टी न फाडता. आत पाच ओळी. ‘आई, मी ठीक आहे. थंडी फार. जिना जपून उतर. बाबांना सांग, उंच शिडीवर चढू नका. लांब्या.’

बाबांना सांग! म्हणजे मी आपला शेजारच्या गल्लीत राहतो.

मी बोर्ड रंगवणारा माणूस. आता युद्धामुळे दिवसभर काळा रंगच, खिडक्यांच्या काचा, गाड्यांचे अर्धे दिवे, तळघराकडचे बाण. पण अक्षराची नक्कल म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. घरी कुणी नाही असं बघून टेबलावर बसलो आणि पोराच्या अक्षरात पोराचं पत्र लिहिलं. आठ पानं. कागद जरा जाड निवडला, काट्याला काही वाचता येत नाही. ‘बाबा, इथे सगळे तुमच्याबद्दल विचारतात. बाबा, तुमच्यासारखा वल्ली अख्ख्या पलटणीत नाही. बाबा, झोप लागली नाही की तुमचा आवाज आठवतो.’ लिहिता लिहिता माझेच डोळे भरले. स्वतःच्या थापेला मी त्याआधी कधी रडलो नव्हतो. पानं त्याच लिफाफ्यात घातली, पट्टी खळीनं चिकटवली. झकास.

शनिवारी सगळी गल्ली बेकरीपाशी. बेकरीवाल्यानं काटा पुसला, पारड्यात फुंकर मारली, जणू सोनंच तोलतोय. वस्तादचं पत्र टाकलं. माझं टाकलं. माझं पारडं टक्कन खाली.

“अरे वा पेंटर!”

“वाच की! वाचून दाखव!”

तेवढंच हवं होतं मला. पावाच्या खोक्यावर चढलो आणि आठही पानं वाचली. बायका डोळे पुसत होत्या. पोस्टमनवहिनी म्हणाल्या, “भाग्य लागतं असं पोर मिळायला.” आणि मी काय करत होतो? वस्तादकडे बघत होतो. त्याला जळताना बघायचं होतं मला. तो जळत नव्हता. मान खाली घालून ऐकत होता, आवडीचं गाणं ऐकावं तसा.

बायकोनं हातातली पानं घेतली. एक पान उजेडात धरलं. “छान लिहिलंय,” म्हणाली. “किती सरळ.” आणि ती पानं तिनं मला न देता वस्तादच्या हातात दिली.

वस्तादनं पाहिली. मग टकलावरून हात फिरवला. “चल आत, पेंटर. डोकं धुतो, नाहीतर रंग धरायचा नाही. पाच मिनिटं थांबा रे सगळे.”

दुकानात शिरल्यावर त्यानं दार लोटलं आणि पाचवं पान आरशाखाली ठेवलं.

“ही रेघ कुणाची?”

बघितलं आणि माझं पाणी पाणी झालं. साधा माणूस आधी अक्षरं लिहितो, मग शब्दाशब्दावर शिरोरेघ देतो. आम्हा बोर्डवाल्यांचं उलटं. आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सलग रेघ, मग तिला अक्षरं टांगायची. पहिली चार पानं मी जपून लिहिली होती. पाचव्यापासून डोळ्यांत पाणी आलं आणि हात धंद्यावर गेला. ओळभर एकच रेघ. शब्दांमध्ये फट म्हणून नाही. लांब्याचं पत्र नव्हे, किराणा दुकानाची पाटी.

“बायकोला कळलं,” मी म्हटलं.

“तुझ्या बायकोला तू लिफाफा उघडलास तेव्हाच कळलं असेल. तिनं पान मला दिलं, गल्लीला नाही. तेवढे उपकार मान.”

“मग बाहेर सांगितलं का नाहीस?”

“पत्र चांगलं होतं.”

माझा संताप उसळला. आपण पकडलं जावं आणि वर समोरच्यानं चांगलं वागावं, याच्यासारखा अपमान नाही. “तुला काय जातंय चांगलं वागायला! पोर माझं आणि पत्रं तुला. असं काय लिहितो तो तुला, जे मला लिहीत नाही?”

वस्तादनं खणातून पत्रांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. “वाच. तुला दाखवणार नव्हतो.”

वरचंच उघडलं. ‘काका, बुटक्यानं काय केलं ऐका. आमच्या छावणीच्या फाटकावर पाटी होती, कामावर येताना दारू पिऊ नये. यानं रात्रीत रेघेची फट इकडची तिकडे केली. सकाळी पाटी काय म्हणते? कामावर येताना दारू पिऊन ये!’

मी दुसरं उघडलं. तिसरं. बुटक्यानं साहेबाच्या खुर्चीला चाकं लावली. बुटक्यानं बोकडाला टोपी घालून हजेरीला उभा केला.

“वस्ताद... हे सगळं मी केलंय.”

“माहीत आहे.”

“ती पाटी गिरणीची होती! मला दोन दिवस कामावरून काढलं होतं! झोपताना शंभर वेळा सांगितलंय मी त्याला!”

“सगळ्या गल्लीला सांगितलंयस. म्हणून तर मोठ्यानं वाचत नव्हतो. पहिली चार पत्रं खरी होती. मग त्याच्या आठवणी संपल्या असणार. पोरं किती दिवस एकत्र होती तिथं? मग त्यानं तुझ्या वापरायला घेतल्या.”

“आणि तू चालवून घेतलंस? तुझा बुटक्या तर मुंगीला वाट देऊन चालायचा!”

“हो.” त्यानं पत्रं एकेक करून घडी घातली. “गेलेलं पोर काही नवीन करत नाही, पेंटर. माझं दर आठवड्याला काहीतरी नवीन करतं.”

मला काय वाटलं असेल? दया? आली, पण नंतर. आधी आला तो जळफळाटच. माझे किस्से! बापाला पाच ओळी, आणि बापाची अख्खी जवानी उचलून दुसऱ्याच्या पोराच्या नावावर केली! आणि त्याच दमात हेही दिसलं, की एकही किस्सा चुकलेला नाही. बोकडाच्या टोपीला लाल गोंडा होता, तोसुद्धा पत्रात होता. मला वाटायचं तो तेव्हा झोपलेला असायचा.

“थापा मारायला बापावर गेलाय,” वस्ताद म्हणाला. “फक्त तो दुसऱ्यासाठी मारतो.”

 

मी दार उघडून बाहेर आलो. वस्ताद मागे, डोकं ओलं करून. खरंच रंगवून घेणार होता गडी.

“ऐका रे!” मी ओरडलो. “पत्र खोटं आहे. मी लिहिलंय. मी हरलो.”

बेकरीवाला म्हणाला, “काट्याला जाड कागद? अरे चोरा!” आणि जो काही हशा झाला! पोस्टमनवहिनींनी मला पिशवीनं झोडपलं, “मी रडले होते की रे मेल्या!” बायकोनं स्वतःच्या हातानं नळापाशी स्टूल आणून ठेवलं.

मी बसलो. वस्तादनं फेस लावला, डावीकडे, जिकडची मिशी जास्त झुबकेदार.

“मग वस्तादच्या पत्रात असतं तरी काय एवढं?” बेकरीवाल्यानं विचारलं.

ब्रश थांबला. वस्तादनं माझ्याकडे बघितलं नाही.

“बुटक्याच्या उचापती,” मी म्हटलं. “आपल्याला वाटायचं गरीब पोर. कसला गरीब! ऐका. छावणीच्या फाटकावर एक पाटी होती...”

“अरे पण ही तर तुझी...” बेकरीवाला सुरू झाला.

“तुम्ही पाव बघा, जळतोय,” बायको म्हणाली.

तो आत पळाला. मी पुढे सांगत राहिलो, बुटक्याच्या नावावर, रेघेची फट कशी सरकवली ते हातानं दाखवत. माझा सगळ्यात चांगला किस्सा.  लोक पोट धरून हसत होते आणि म्हणत होते, बुटक्या रे बुटक्या.

“पुढचं पत्र आलं की आधी मला दाखवायचं,” मी दातांतून वस्तादला म्हटलं.

“नाही दाखवणार. आणि तोंड हलवू नकोस, कापेल,” तो म्हणाला, आणि वस्तरा टेकवला.