लताबाईंचा शेवटचा राउंड

कमिटीवाल्यांनो, म्हाताऱ्या बाईला तुम्ही देवाच्या दाराबाहेर बसवलंत, आणि नोटीस मात्र इंदिराबाईंना! नियम म्हणे. घंटा झाली की चर्चचं दार बंद. उशिरा येणाऱ्यानं व्हरांड्यातल्या बाकावर बसायचं. लताबाई सिन्नरहून पहिल्या एसटीनं येतात. एसटी काय तुमची घंटा ऐकून सुटते? दोन वर्षं त्या बाकावर बसूनच गाणी म्हणत होत्या.

इंदिराबाई बावीस वर्षं संडे स्कूल शिकवतात. एकट्या बाई, त्या पोरांशिवाय घरात दुसरा आवाज नाही. शनिवारी त्यांनी पोरांना घरी बोलावून टीव्हीवर जागतिक स्पर्धा दाखवली. दहा हजार मीटर. पहिली आली, झेंडा पांघरून तिचे फोटोही झाले, तरी एक मुलगी लंगडत पळतच होती.

"बाई, हिला बाहेर का काढत नाहीत?" पोरांमधल्या संपदानं विचारलं.

"तिची शर्यत संपलीय का?"

"नाही."

"मग?"

अख्खं स्टेडियम तिच्यासाठी उभं राहिलं. इकडे पोरं सोफ्यावर उभी! मग बाईंनी येशूची द्राक्षमळ्याची गोष्ट सांगितली: दिवस मावळताना आलेल्या मजुरालाही धन्यानं पूर्ण रोज दिला. नाशिकच्या पोरांना द्राक्षमळा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

रविवारी दुसरं गीत चालू असताना बाहेर लताबाईंची काठी वाजली. संपदा उठली, सरळ दाराची कडी काढली. मागून आठ पोरं. टाळ्या, शिट्ट्या! "आजी, शेवटचा राउंड! चला, चला!"

"अरे मुडद्यांनो, पळवता का मला? गुडघा नाय हा, गंजलेलं बिजागर हाय!" म्हणत लताबाई निघाल्या. संपदानं आपली ओढणी झेंड्यासारखी त्यांच्या खांद्यांवर टाकली. पाळकसाहेबांनी आधी हसू दाबलं, मग तेही टाळ्या वाजवू लागले. पेटीवाल्याला तर भलताच जोर चढला. पहिल्या बाकाशी पोचून लताबाईंनी काठी उंच धरली, आणि इंदिराबाई हसता हसता रडल्या.

मंगळवारी तुमची नोटीस: उपासनेत गोंधळ घातला; वर्ग का काढून घेऊ नये, लेखी खुलासा द्या.

 खाली संपदासकट नऊ पोरांच्या सह्या घेऊन इंदिराबाईंनी खुलासा दिलाच:

"लताबाईंची शर्यत अजून संपलेली नाही. येत्या रविवारीही त्या सिन्नरच्या एसटीनंच येतील. दार उघडं असेल की नाही? लेखी कळवा."