हळद लागलेलं निशाण

मी मिझुबे हायस्कूलचं निशाण बोलतोय. पाच मीटर लांब, दीड मीटर उंच, गडद निळ्या कापडाचं. मला बॅनर म्हणालात तरी चालेल, इथले लोक म्हणतात तसं ओदानमाकु म्हणालात तरी चालेल. फक्त 'आठवण' म्हणू नका. आठवण गेलेल्यांची काढतात. मी अजून आहे, आणि स्वभावाने म्हणाल तर फारसा गोड नाही.

माझा जन्म १९६९ सालचा. टोकियोच्या पूर्वेला, फुनाबोरीजवळ, एक रंगारी होता. एरवी तो दुकानांच्या दारावरचे पडदे रंगवायचा. शाळेच्या मुलींच्या बास्केटबॉल संघासाठी त्याने मला निळीत बुडवलं आणि माझ्या छातीवर पांढरी अक्षरं सोडली : पाय थांबवू नका. बस्स, एवढंच. 'विजय आमचाच' वगैरे फुशारकी नाही. बास्केट पडली की तोंड पाडून किंवा नाचत उभं राहायचं नाही, लगेच दुसऱ्या टोकाला धावायचं, इतकाच त्याचा अर्थ. सामना असला की मला व्यायामशाळेच्या वरच्या सज्जाच्या कठड्याला बांधत आणि खाली मुली धावत.

१९७४ साली त्या टोकियोत पहिल्या आल्या. तेव्हा एक रीत पडली. विजेतेपद मिळालं की माझ्या खालच्या काठाला एक पांढरी पट्टी शिवायची आणि तिच्यावर त्या वर्षीच्या सगळ्या मुलींची नावं लिहायची. सगळ्या म्हणजे सगळ्या. जिने वर्षभर नुसत्या पाण्याच्या बाटल्या भरल्या, तिचंही नाव अंतिम सामन्यात तीस गुण करणारीच्या शेजारी, त्याच आकारात. अशा सात पट्ट्या माझ्या काठाला आहेत. १९७९च्या पट्टीवर पहिलंच नाव मुराओका, त्या वर्षीची कर्णधार. ती शाळेत असताना तीन वर्षांत मिझुबेने टोकियोत एकही सामना गमावला नाही. सोन्याचे दिवस होते ते, नाही कशाला म्हणू?

शेवटची पट्टी १९८९ची. त्यानंतर मुलंच कमी झाली. दरवर्षी नऊ तुकड्या भरायच्या तिथे पाच झाल्या, मग तीन. मी आधी कपाटात गेलो, मग कपाटावर, मग उड्या मारायच्या लाकडी खोक्यामागे. माणसांची एक गंमत पाहिली आहे मी. हरायला लागली की आधी निशाण उतरवतात. मला कोणी फाडलं नाही की जाळलं नाही, नुसतं विसरले. त्याचाच जास्त राग येतो.

दोन वर्षांपूर्वी जमीन पुसायचं फडकं शोधायला एक मुलगी त्या खोक्यामागे वाकली आणि तिने मला ओढून काढलं. ती जुई. तिचे बाबा, चारुदत्त, एका बँकेच्या टोकियो शाखेत तीन वर्षांसाठी म्हणून मुंबईहून आले होते, त्याला आता अकरा वर्षं झाली. जुई शाळेत नवीन होती, उंचीने बेताची, पण धावायला वाऱ्यासारखी. तिने मला झटकलं, पट्ट्यांवरची नावं बोट ठेवून एकेक वाचली आणि त्याच संध्याकाळी सज्जावर बांधलं. खाली सहाजणी सराव करत होत्या. तेव्हापासून मी पुन्हा कामावर रुजू झालो.

आता खरं काय घडलं ते सांगतो.

यंदाच्या जानेवारीत बातमी आली की पुढल्या वर्षीच्या मार्चमध्ये मिझुबे बंद होणार आणि शेजारच्या मोठ्या शाळेत मिसळणार. नवीन शाळा, नवीन नाव. जुई तिसऱ्या वर्षात जाणार होती, संघाची कर्णधार झाली होती, आणि संघात उरल्या होत्या पाचजणी. त्यातली हिनाता तर बँडमध्ये तुतारी वाजवणारी; केवळ पाचजणी भराव्यात म्हणून आलेली. संघाचे शिक्षक ओनोदेरा-सेन्सेई स्वभावाने भले माणूस, गणित शिकवतात, आयुष्यात चेंडू धरलेला नाही. त्यांनी सुचवलं की उन्हाळी स्पर्धेला त्या मोठ्या शाळेबरोबर मिळून उतरावं. त्यांच्याकडे तेवीस मुली आहेत. जर्सी त्यांची, नाव त्यांचं, पण निदान खेळायला तरी मिळेल.

मिझुबेच्या नावाने उतरू नका, हे सांगायला मुराओका-सानही आल्या. हो, त्याच. आता त्रेसष्ट वर्षांच्या, माजी खेळाडूंच्या मंडळाच्या अध्यक्ष, पाठ अजून ताठ. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पाचजणींनी मिझुबेच्या नावाने उतरायचं आणि पहिल्याच फेरीत शंभर गुण खायचे, हा सात विजेतेपदांचा अपमान आहे. संघाने सन्मानाने थांबावं आणि मला नव्या शाळेच्या दालनात काचेच्या कपाटात ठेवावं. माझा एक कोपरा फाटला होता, दोन पट्ट्या उसवल्या होत्या, तेवढं आधी शिवून घ्यायला हवं, असंही त्या म्हणाल्या.

जुईने मान खाली घालून सगळं ऐकलं आणि आपली आई शिवून देईल असं सांगितलं. मुराओका-सान खूश झाल्या. मी मात्र खोक्यामागच्या अंधारालाही एवढा घाबरलो नव्हतो. काचेत म्हणजे काय, तर लोक येणार, मोबाइलने फोटो काढणार, आणि पुढे जाणार. चेंडू कधी अंगावर आदळणार नाही, घामाचा वास येणार नाही. मोडेन पण असा घडी होऊन बसणार नाही, असं मी मनाशी पक्कं केलं. पण कापडाच्या पक्क्या करण्याला विचारतो कोण?

जुईने मला पाठीवरच्या पिशवीत घालून फुनाबोरीच्या घरी नेलं. तिथे मला कळलं की या पोरीच्या मनातही तेच आहे. आईला तिने काचेच्या कपाटाबद्दल चकार शब्द सांगितला नाही. जपानीतच सांगितलं, घरी ती बहुधा जपानीतच उत्तर देते, की मॅच आहे, निशाण लागणार आहे. आईने, म्हणजे नीलिमाताईंनी, मराठीत विचारलं की कधी आहे मॅच, आणि शिवायला बसल्या. आठ दिवस मी त्यांच्या मांडीवर होतो. माझं मराठी त्या आठ दिवसांतलं, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. टाका घालता घालता त्या सारख्या बोलायच्या, कधी फोनवर जवळच्याच ओजिमात राहणाऱ्या मैत्रिणीशी, कधी माझ्याशीच. गोधडीला घालतात तो धावदोरा त्यांनी मला घातला. रंगाऱ्यानंतर एवढ्या मायेने मला कोणी हाताळलं नव्हतं.

शिवण संपली त्या दिवशी पाडवा होता. शेजाऱ्यांची तक्रार नको म्हणून गुढी घराच्या आतच, खिडकीला टेकवून उभी केलेली. नीलिमाताईंनी तिला हळदकुंकू वाहिलं, मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. सामन्याला निघालेलं निशाण. त्यांनी ओल्या हळदीचं बोट तसंच पुढे आणलं आणि माझ्या छातीवरच्या पहिल्या पांढऱ्या अक्षरावर टेकवलं, त्याच्याखाली कुंकू.

जुई स्वयंपाकघरातून आली आणि जागच्या जागी थबकली. मग एकच धावपळ. साबण लावला तर पिवळा डाग लालभडक झाला. पाण्याने धुतला तर पुन्हा पिवळा, आणि आधीपेक्षा मोठा. चारुदत्तांनी फोनवर शोधून लिंबू सांगितलं, तेही पिळून झालं. हळद ती हळद. नीलिमाताईंना तेव्हा कपाटाची खरी हकिकत कळली. त्या लेकीवर रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी स्टेशनवरच्या चांगल्या दुकानातून मिठाईचा खोका घेतला, नीट कागदात बांधून, आणि माफी मागायला तिच्याबरोबर शाळेत गेल्या.

शिक्षकांच्या खोलीत मला टेबलावर उलगडलं. मुराओका-सानांनी वाकून डाग पाहिला. नीलिमाताई कमरेत वाकून उभ्या. त्यांचं जपानी बाजारहाटापुरतं; पण त्यांनी एकेक शब्द जुळवून सांगितलं,

"आमच्याकडे लढायला निघालेल्याला कोरं पाठवत नाहीत."

मुराओका-सानांनी जुईकडे पाहिलं. "म्हणजे हे लढायला निघालं होतं?"

ओनोदेरा-सेन्सेई चहाच्या कपात बघत होते. जुईला एक खोटं बोलून सुटता आलं असतं. आईला जपानी नीट समजत नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. ती ताठ झाली.

"हो," ती म्हणाली. "आम्ही हरणार आहोत, मला माहीत आहे. पण आमच्या नावाने हरणार आहोत. जिंकलेल्यांचं निशाण तुम्ही ठेवा, पण मिझुबे अजून खेळतेय."

मला त्या क्षणी वाटलं की धावत जाऊन सज्जावर चढावं. मुराओका-सान मात्र विरघळल्या वगैरे नाहीत. ती बाई तसली नव्हे. असलं डागाळलेलं काचेत ठेवता येणार नाही, तेव्हा तुम्हाला काय करायचं ते करा, मी बघायला येणार नाही, असं म्हणून त्या उठल्या. मिठाईचा खोका तेवढा घेतला, कारण तो न घेणं इथे फार मोठं भांडण होतं.

झालं. संघाची नोंद मिझुबेच्या नावाने गेली आणि मी काचेतून वाचलो. ज्या डागाने माझी शोभा गेली असं सगळे म्हणत होते, त्यानेच माझी कातडी वाचवली. मी तो मिरवतो.

मे महिन्यातल्या रविवारी पहिल्या फेरीचे सामने आमच्याच व्यायामशाळेत होते. जुईने मला स्वतः बांधलं. समोरचा संघ अठरा जणींचा. मी इथे पराक्रमाच्या गोष्टी सांगणार नाही, कारण खोटं बोलायची मला सवय नाही. पहिल्या सत्रात चार विरुद्ध सव्वीस. हिनाताने दोनदा चेंडू चुकून समोरच्यांच्याच हातात दिला. तिसऱ्या सत्रात तिचा पाय मुरगळला आणि सेन्सेई तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले. जाण्याआधी त्यांनी जुईला विचारलं की थांबवायचं का. नियमाने चौघींना खेळता येतं. जुई सरळ मैदानात जाऊन उभी राहिली आणि उरलेल्या तिघी तिच्यामागे गेल्या.

चौघी अठराजणींशी धावल्या. बास्केट पडली की वळायचं आणि परत. चाळीस गुणांनी मागे, साठांनी मागे, तरी परत. चौथ्या सत्रात समोरच्यांनी खेळाडू बदलल्या, आमच्याकडे बदलायला होतंच काय? शेवटच्या मिनिटात जुईने एक चेंडू टाकला, आत गेला, आणि ती आनंद करायला थांबली नाही. एकोणतीस विरुद्ध एक्याण्णव. सात पट्ट्यांवरची सगळी नावं घेऊन मी वर होतो, आणि सांगतो, त्यातलं एकही नाव लाजलं नाही.

इथल्या शाळांच्या स्पर्धेत एक कडक नियम आहे. जो संघ हरतो, त्याने घरी जायचं नाही. पुढच्या सामन्याचं टेबल त्यानेच सांभाळायचं : गुण लिहायचे, घड्याळ चालवायचं, आकड्यांचा फलक पलटायचा. डोळे पुसायचे आणि दुसऱ्यांचे गुण मोजत बसायचं. त्याला पाच माणसं लागतात. आमच्या चौघी टेबलापाशी आल्या, खुर्च्या पाच होत्या. पंचांनी पाचवी कुठे म्हणून विचारलं. पुढच्या संघांच्या मुली खोळंबल्या होत्या, आणि दोघीजणी त्यांचं नवंकोरं निशाण घेऊन सज्जावर माझ्या गाठी सोडायला आल्याही होत्या.

दाराजवळच्या गर्दीतून एक म्हातारी बाई निघाली. बूट काढले, हातात धरले, मोज्यांनीच मैदान ओलांडून टेबलापाशी आली आणि आकड्यांच्या फलकामागे बसली. येणार नाही म्हणाल्या होत्या ना मुराओका-सान? कधी आल्या, किती वेळ उभ्या होत्या, कोणाला ठाऊक.

पंच अवघडले. नम्रपणे म्हणाले की हे काम हरलेल्या संघाच्या खेळाडूंनीच करायचं असतं.

"मी मिझुबेची खेळाडू आहे," मुराओका-सान म्हणाल्या. "नाव वर लिहिलेलं आहे."

पंचांनी वर पाहिलं. सज्जावरच्या त्या दोघींनीही माझ्या काठाकडे पाहिलं आणि गाठीवरचे हात मागे घेतले. मुराओका-सान जुईकडे वळल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या की हा फलक कसा पलटतात ते मला दाखव, हे काम माझ्यावर कधी आलंच नव्हतं. जुईने त्यांचा हात धरून पहिलं शून्य दाखवलं. रडत होती ती, पण शिकवत होती.

तर माझी आजची अवस्था ही अशी. छातीवर हळदीचा डाग, काठाला धावदोरा, अंगाला घामट वास. पुढच्या मार्चनंतर मी कुठे असेन ते मला ठाऊक नाही. नव्या शाळेतल्या पोरींनो, तुमचं नाव काहीही असो, चेंडू लागेल अशा जागी मला बांधा आणि धावा. काचेत ठेवायची भाषा करू नका. आणि आज मला उतरवायची कोणाला घाई झालीच असेल, तर आधी खाली टेबलापाशी बसलेल्या माझ्या पाच खेळाडूंना उठवून दाखवा. त्या कामावर आहेत. सामना संपायला अजून एकोणीस मिनिटं आहेत.