आठ फुटांचा गोल

टेलरबाईंनी गळ्यातली दहा फुटी टेप काढली, एक टोक लेकीच्या अंगठ्याखाली दाबलं आणि स्वतः रांगत भिंतीपर्यंत गेल्या.

"नऊ फूट! बसतोय गं आठाचा गोल."

"आई, बाबांना जाऊन महिना नाही झाला. पलंग काल गेला, आणि आज लगेच आगगाडी?"

"म्हणूनच. टोक सोडू नकोस."

घड्याळवाल्यांनी, म्हणजे बाईंच्या नवऱ्याने, ते बोक्याएवढं खेळण्यातलं इंजिन हौसेनं आणलेलं. रूळ जुन्या छोट्या गाडीचे. दोन रुळांमधलं अंतर तेच, म्हणून चालेल असं वाटलं. पण चार फुटांच्या गोलात ते लांबलचक धूड वळेना, दर फेरीला आडवं व्हायचं.

"माझ्या सासूबाईंवर गेलंय," ते म्हणायचे. "वळायचं नाव नाही."

मग मोठ्या वळणाचे सोळा तुकडे आले. खोक्यावरचा आकडा बघून बाई म्हणाल्या, "अहो, हेही चारच फूट की!"

"अगं, ही काय कुणाची कंबर आहे? हे मधल्या बिंदूपासूनचं माप. अख्खा गोल आठ."

तोवर दुखणं आलं आणि खोलीत भाड्याचा तीन फुटी पलंग. रूळ जोडायचे राहिले, खोकं पलंगाखाली गेलं.

"उठलो की हा पलंग परत देऊ," ते झोपल्या झोपल्या सांगायचे. "मग इंजिनावर बसवून तुला बाजारात नेतो. मागे दोन डबे, फक्त तुझ्या पिशव्यांना."

"डॉक्टर म्हणालेत, पंधरा दिवसांत उठाल," बाई मशीनवर मान खाली घालून थाप मारायच्या. डॉक्टर खरं काय म्हणाले, ते त्यांनी शेवटपर्यंत पोटात ठेवलं. तेच आता खात होतं. आपल्यापायी त्यांना नीट निरोपही घेता आला नाही.

लेकीने खोकं उपडं केलं. रुळांबरोबर एक घडीचा कागद पडला. पेन्सिलीने काढलेली हीच खोली. दार, कपाट, शिलाई मशीन, तिच्यापुढचं स्टूलसुद्धा. मधे पार भिंतीपर्यंत आठ फुटांचा गोल.

"किती नेटकं काढलंय! पण पलंग विसरले बाबा."

बाईंनी कागद उजेडाकडे धरला. खाली तारीख होती. त्या एकट्या डॉक्टरांना भेटून आल्या, त्याच्या दुसऱ्या दिवसाची. पलंगाच्या जागेवर खाडाखोडही नव्हती. तिथून रूळ गेले होते.

"लबाड कुठचे. माहीत होतं तर सगळं," त्या पुटपुटल्या.

मग त्यांनी स्टूल उचललं, कागदावर होतं तिथे नेऊन ठेवलं आणि त्यावर बसल्या.

"हं. जोड पहिला तुकडा."