सहदेवचे मुसळ

मित्रांनो, मी खैराचे एक जुने मुसळ. भिसेगावच्या सहदेवच्या हातातला माझा शेवटचा दिवस इतर दिवसांसारखाच होता. अंगणात ऊन कलले होते, उखळात भात होते आणि शेजारची हिरू कुंपणावरून हसत होती.

"काय रं सहदेवा, आता लुगडं नेसायचं तेवढं ऱ्हायलंय!"

"नेसतो की वैनी. तुजं एखादं दे. फाटकं नको हां!"

ओटीवर त्याची लेक सुंदरा उभी होती, माहेरपणाला आलेली. ती खालच्या आवाजात म्हणाली, "आबा, कांडायचंच तर आत कांडा. उद्या माज्या सासरची मानसं यायची हायेत."

 सहदेवने उखळ आत ओढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेताच्या बांधावर त्याला पान लागले. साप चावून माणूस गेला तर आमच्याकडे असे म्हणतात.

माझा जन्म ठाकुरवाडीच्या रानातला. सुताराने मला तासले, तोंडाला लोखंडी कडे बसवले. सुंदराच्या आईने माझ्याकडून वर्षानुवर्षे भात कांडून घेतले. मुसळ असावे तर असे, असे ती म्हणे. पुढे कर्जतला गिरणी झाली आणि मी दारामागे धूळ खात पडले. मग सुंदराची आई गेली आणि सहदेव दारूला लागला. सुंदराच्या लग्नात तो पिऊन भर मांडवात पडला.

मांडव उतरवला त्याच दिवशी त्याने मला बाहेर काढले. दिवस कलला की त्याचे पाय दारूच्या भट्टीकडे वळत. मग तो मला उचली. भात संपले तर नुसता कोंडा कांडी. दोनदा मी दारामागेच राहिले आणि तो भट्टीवर गेला. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी मान खाली घालून माझ्याकडे परत आला.

एकदा तो सुंदराला म्हणाला, "तलफ म्हंजे पावनी गं. तिला बस म्हनायचं नाय. आपलं काम करत ऱ्हायचं. जाते ती."

सुंदरा तेव्हा उठून चुलीकडे गेली होती.

त्याचे तेरावे झाले तरी सुंदराला रडू येईना. दिवस कलला की मात्र तिला घरात बसवेना. एका संध्याकाळी तिने मला उचलले. तळहातांना फोड आले, दम लागला आणि मग रडू आले. रडता रडता ती कांडत राहिली. घटकाभराने रडू ओसरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिने पुन्हा मला उचलले.

मित्रांनो, मला तेल लावले नाही तरी चालेल. पण कोणी स्वतःशी झगडत असेल, तर त्याला आत जायला सांगू नका.

पाच-सहा दिवसांनी सुंदराने उखळ ओढत ओढत अंगणात आणले. हिरू कुंपणाशी आली.

"अगं, गिरनी हाय की! आन् आत तरी बस. लोक बघतात."

"बघू दे, काकी."

सुंदराने मला भिंतीला टेकवले. मग ती साऱ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलली, पण हिरूशी नव्हे.

"आबा, तुमी अंगनातच कांडायचं होतं. लाज मला वाटली, ती चूक माजी. तुमच्याएवढा धीराचा मानूस मी दुसरा बघितला नाय."