गेटवरच्या झाडाची ओळख

झाडकाका विमा कंपनीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांना झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं. कंपनीत ते दावे तपासायचे, म्हणजे नाकारायचे. घराला आग लागली म्हणणाऱ्याला ते आधी काडेपेटी कुणी आणली ते विचारत. निवृत्तीनंतर हेच काम त्यांनी घरात चालू ठेवलं. दूध नासलं तरी काकूंची उलटतपासणी व्हायची. शेवटी काकूंनी पेपरमधली एक जाहिरात त्यांच्यापुढे सरकवली. पानगळीची झाडं साल आणि पानांवरून कशी ओळखायची, याचं शनिवार-रविवारचं शिबिर होतं.

"जाऊन या. मोकळी हवा लागेल," काकू म्हणाल्या. मोकळी हवा खरं तर त्यांनाच हवी होती.

काका शनिवारी माणूस म्हणून गेले आणि रविवारी तज्ज्ञ होऊन परतले. गळ्यात भिंग, खिशात घडीचा चाकू, आणि बोलण्यात "खवलेदार", "भेगाळ", "समोरासमोर पानं" असले शब्द. महिन्याभरात कॉलनीतल्या प्रत्येक झाडावर पत्र्याची पाटी लागली. ज्या झाडांची नावं शेंबड्या पोरालाही ठाऊक होती, त्यांचीही नावं काकांनी पुन्हा सांगितली, तेव्हापासून लोक त्यांना झाडकाका म्हणू लागले. त्यांना तो सन्मान वाटला.

राहिलं होतं ते गेटवरचं झाड. उंच, सरळ, फिकट राखाडी अंगाचं. त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. विजेच्या तारांना लागतात म्हणून दरवर्षी त्याच्या फांद्या छाटल्या जात, त्यामुळे त्याचं फळ कुणी पाहिलेलं नव्हतं. काकांची नजर तिकडे वळेपर्यंत थंडी पडली होती आणि झाड पार उघडं झालं होतं. काकांनी खोडावरून हात फिरवला, चाकूनं करंगळीएवढा तुकडा काढला, भिंगातून पाहिला आणि पाटी ठोकली: धावडा.

त्याच संध्याकाळी दातांचे डॉक्टर गाडी लावायला आले. ते पाटीपुढे थांबले. डॉक्टर स्वभावानं भले, पण समोरच्यानं आधीच निदान केलेलं त्यांना चालत नसे. त्यांनी खोडावर किल्लीनं टकटक केलं, जशी ते दाढेवर करत.

"काका, हा अर्जुन आहे."

"कशावरून?"

"साल बघा ना. पापुद्रे सुटतायत."

"पापुद्रे धावड्याचेही सुटतात. तुम्ही शिबिर केलंय का?"

"आमच्या आजोळी अर्जुन होता, काका."

"आजोळ म्हणजे पुरावा नव्हे," काका म्हणाले. एवढ्यावरून कॉलनीत दोन तट पडले.

खाली पडलेली पानं बघून भांडण मिटलं असतं. पण झाडाखाली सगळ्या कॉलनीतली पानं उडून यायची. डॉक्टर त्यातलं अर्जुनाचं पान शोधून काढत, काका धावड्याचं, आणि समोरचा म्हणे की वाऱ्यानं आणलं असेल. पालवी फुटेपर्यंत दम धरा, असं काकूंनी सुचवून पाहिलं. पण दम धरल्यावर दुसरा बरोबर ठरण्याची भीती होती, म्हणून दोघांनाही ते पटलं नाही.

मग सालीवर मोर्चा वळला. काकांनी सूर्याकडच्या बाजूनं हातभर साल उतरवली, कारण करंगळीएवढ्या नमुन्यावर निष्कर्ष काढणं अशास्त्रीय होतं. डॉक्टरांनी सावलीकडच्या बाजूनं दीड हात उतरवली, कारण ऊन लागलेली साल दिशाभूल करते. आतला रंग लालसर निघाला. डॉक्टर म्हणाले, बघा, अर्जुन. काका म्हणाले, गंज लागलेल्या चाकूनं कापलं तर लालच दिसणार. रोज सकाळी फिरायला येणारे थांबून ऐकत. चालण्यापेक्षा हा व्यायाम त्यांना सोपा पडे.

एका सकाळी डॉक्टर वादाच्या भरात बोलून गेले, "अहो, अर्जुनाची साल हृदयाला औषध असते, एवढं तरी मान्य आहे ना?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून फिरायला येणाऱ्यांच्या पिशवीत सुरी दिसू लागली. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरीण बाई, त्यांचे जावई, जिमवाला, सगळे थोडी थोडी साल घरी नेऊन उकळू लागले. काकांच्या तटातले लोक अंधार पडल्यावर येत. झाड धावडाच आहे यावर ते ठाम होते, पण रक्तदाबापुरता त्यांनी अर्जुन मान्य केला होता. काकूंनी एकदा खिडकीतून बघून विचारलं, "अहो, त्या झाडाच्या अंगावर काही ठेवणार आहात का?"

"तुला त्यातलं कळत नाही," काका म्हणाले. काकू गप्प बसल्या. मात्र बसल्या बसल्या त्यांनी बहिणीच्या लेकीला फोन लावला. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. परीक्षा संपल्या की येते, असं ती म्हणाली.

ऊन तापलं. इतर झाडं हिरवीगार झाली. गेटवरच्या झाडाला अगदी शेंड्यावर थोडी पालवी आली. इलेक्ट्रिशियनची शिडी मागवली गेली. डॉक्टर स्वतः चढले, कारण काकांच्या माणसावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि काकांनी खाली शिडी धरली, कारण डॉक्टरांच्या माणसावर काकांचा नव्हता. डॉक्टरांनी डहाळी आणली. पानं नखाएवढी, वाकडीतिकडी, कडेनं करपलेली.

"समोरासमोर आहेत. अर्जुन," डॉक्टर धापा टाकत म्हणाले.

"जवळजवळ समोरासमोर. धावडा," काका म्हणाले.

डहाळी हातातून हातात फिरत राहिली आणि दुपारपर्यंत तिचा चुरा झाला. शेंड्यावरची बाकीची पानं त्या आठवड्यातच गळाली.

भाची आली तेव्हा सगळी कॉलनी गेटवर जमली होती. डॉक्टरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. काकांनी भिंग पुसून आणलं होतं. भाचीनं पिशवी खाली ठेवली आणि खोडाभोवती एक फेरी मारली. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत नुसतं पांढरं लाकूड होतं, सुकून चिरा पडलेलं. तिनं त्यावर हात ठेवला.

"हे कुणी केलं?"

जिमवाला मोबाइल बघू लागला.

"ते राहू दे," काका म्हणाले. "कसलं झाड आहे, ते सांग."

"मेलेलं."

"तसं नाही, नाव काय?"

"काका, सालीच्या आतल्या थरातून झाडाचं अन्न मुळांकडे जातं. गोल साल काढली की मुळं उपाशी मरतात. इथं दिसतंय ना, एक जण उन्हाच्या बाजूनं सोलत आला, दुसरा सावलीच्या बाजूनं, आणि मागे दोघांची गाठ पडली. थोडी जरी साल मध्ये सोडली असती, तरी कदाचित जगलं असतं." मग तिनं गर्दीकडे पाहिलं. "काढलेली साल कुठाय? ती दाखवा, बघते."

हेडमास्तरीण बाई हळूच म्हणाल्या, "प्यायलो आम्ही."

"काय समजून?"

बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं. काका पाटीवरची धूळ झटकत होते.

भाचीनं पिशवी उचलली. मावशीकडे चहा प्यायली आणि निघाली. जाताना जिन्यात म्हणाली, "मावशी, परीक्षेच्या आधीच यायला हवं होतं गं." काकू म्हणाल्या, "मीही उशिराच फोन केला." भाची गेल्यावर त्या बराच वेळ गॅलरीत उभ्या होत्या.

झाड पाडलं गेलं. लाकूड नेणाऱ्यांनी ते कसलं, हे विचारलं नाही. भांडणाला विषयच उरला नाही, तेव्हा काका आणि डॉक्टरांची चांगली दोस्ती जमली. झाडासाठी भरवलेल्या दुखवट्याच्या सभेत दोघंही बोलले आणि लोकांची झाडांबद्दलची अनास्था हेच या मृत्यूचं कारण, यावर त्यांचं प्रथमच एकमत झालं. टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात हेडमास्तरीण बाईंनी वाजवल्या.

त्या भाषणांची कीर्ती पलीकडच्या कॉलनीत पोहोचली. त्यांच्या बागेतही एक अनोळखी झाड होतं. त्यांच्या सेक्रेटरीनं दोघांना रविवारी सकाळी आमंत्रण दिलं. काकांनी भिंग काढलं, डॉक्टरांनी गाडी धुतली.

ते निघाले तशा काकूंनी पायांत चपला सरकवल्या, घरातला जाड दोर आणि गहू साठवायची गोणपाटं रिक्षात टाकली आणि आडरस्त्यानं त्यांच्या आधी तिथं पोहोचल्या. गाडी आत शिरली तेव्हा त्या झाडाला उंच हात पोहोचेल तिथपर्यंत गोणपाट गुंडाळून शेवटची गाठ मारत होत्या. सेक्रेटरी बाजूला गोंधळून उभा होता.

"अगं, हे काय करतेस?" काका गाडीतूनच म्हणाले.

"तुमचं चालू द्या," काकू म्हणाल्या. "वर पानं आहेत भरपूर. ती बघून सांगा."

झाड खरंच पानांनी गच्च भरलेलं होतं. काका आणि डॉक्टर माना वर करून त्याखाली उभे राहिले. खूप वेळ उभे राहिले. सेक्रेटरीनं खुर्च्या आणवल्या, मग सरबत आणवलं. काकूही एक खुर्ची ओढून झाडाला पाठ लावून बसल्या.