देवीची पाठवणी

माझ्या लेकीला, ऋतिकाला कांजिण्या आल्या, तेव्हा माझी आई म्हणाली, घरात देवी आल्या, आता फोडणी बंद. मी कारखान्यात लेथवर काम करतो, पिरनवाडीत स्लॅबचं घर आहे, तरी हे आम्ही पाळतो. खपल्या पडल्यावर आईनं तिला कडुलिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं आणि देवीची पाठवणी करायला दहीभात घेऊन आम्ही देवळात गेलो.

पायरीवरच ऋतिका झोकांड्या खाऊ लागली. हात थरथरत होते, ताट पडलं. बायकांना वाटलं, पोरीच्या अंगात आलं. शेजारच्या मालुबाईनं तिला हळदकुंकू लावलं, पाया पडली आणि पोराला नोकरी कधी लागेल ते विचारलं. आईनंही हात जोडले.

ऋतिका माझ्याकडे बघून म्हणाली, "आप्पा, जमीन हलायलीय."

देवी मला आप्पा कशाला म्हणेल? मी तिला उचललं. आई म्हणाली, नैवेद्य तरी दाखवू दे. मी थांबलो नाही.

बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला नाकाला बोट लावायला सांगितलं. बोट गालावर गेलं. तपासण्या झाल्यावर त्या म्हणाल्या, कांजिण्यांनंतर एखाद्या मुलाच्या लहान मेंदूला सूज येते, तोल जातो. बहुतेक मुलं काही आठवड्यांत बरी होतात. पण उलट्या झाल्या, किंवा उठवूनही उठली नाही, तर लगेच सांगा. आज इथंच ठेवू.

माझी बायको रचना गेल्या वर्षी डोकं दुखतंय म्हणून दुपारी पडली होती. चहाला हाक मारली, ती उठलीच नाही.

दुपारचं जेवण झाल्यावर ऋतिकाला झोप लागली. मी हाक मारली, ती उठली. परत झोपली, परत उठवली. नर्स कन्नडमध्ये रागावली, पोरीला झोपू द्या, मी बघते आहे. ती गेल्यावर मी पुन्हा खांदा हलवला.

या वेळी ती उठली नाही. गाल थोपटले, तळवे चोळले. तिच्या तोंडावर वाकून जोरात हाक मारली.

मग ऋतिकानं डोळे न उघडताच मला ढकलायला हात उचलला. तो चुकून माझ्या नाकावर आपटला.

"सारखं काय उठवतोस, आप्पा? आज शाळा न्हाय न्हवं?"

"न्हाय गं," मी म्हणालो.

चहाची वेळ झाली तशी मी पुन्हा हाक मारली. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे रागानं बघितलं आणि पाठ फिरवली.