माझे चार खोटे दिवे

मी एक जुनी, पोट फुगलेली पॉवर बँक आहे. मित्रांनो, फोनची चार्जिंग संपत आली की त्याला पाजायला जी चपटी डबी खिशात ठेवतात ना, तीच मी. आपली गोष्ट सांगायला बसलं की जो तो आपला पराक्रम सांगतो. माझ्याकडे सांगण्यासारखं एकच आहे, आणि ते सांगताना अजून मला मान वर करवत नाही. मान नाहीच म्हणा मला. पण असती तरी खालीच असती.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. बाहेरून मला काळं चकचकीत कवच चढवलं. आत मात्र जुने सेल भरले, कुठल्या तरी मेलेल्या लॅपटॉपमधून काढलेले, वरून नवं प्लास्टिक गुंडाळलेले. कपाळावर चार हिरवे दिवे बसवले. ते असे जोडले होते की पोटात घोटभर असलं तरी चारही झगमगायचे. खोक्यावर छापलं, ‘दोन दिवस चिंता नाही’. हे सगळं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नीट ऐकून ठेवा, कारण पुढं मी ‘मला काय माहीत’ असं म्हणणार नाहीये.

तिथून मी आले मामांच्या दुकानात. फोन दुरुस्तीचं चिंचोळं दुकान. दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. मामा कुणाचे सख्खे मामा ते नंतर सांगते, पण अख्खी गल्ली त्यांना मामाच म्हणायची. काउंटरमागं एक काळा फळा. त्याच्यावर खडूनं लिहिलेलं, ‘मी स्वतः वापरलेल्या वस्तू’. लोक दुरुस्तीला कमी आणि तो फळा वाचायला जास्त यायचे. फोटो काढून घेऊन जायचे.

फळ्यावर काय काय होतं! पिळली तरी न तुटणारी, विणलेल्या आवरणाची केबल. मोठ्या अक्षरांचा कीबोर्ड, चष्मा विसरणाऱ्यांसाठी. पासवर्ड सांभाळणारं ॲप, आणि पुढं मामांची टीप, ‘कपाटाच्या दारावर चिठ्ठ्या चिकटवणं बंद करा’. कागदाचा फोटो काढला की तो सरळ करून देणारं ॲप. घरातल्या सगळ्यांसाठी एकच ऑनलाइन कॅलेंडर, ‘म्हणजे दाताच्या डॉक्टरची तारीख फक्त आईनंच लक्षात ठेवायची असं नको’. आणि सगळ्यात वर, बोललेलं लगेच पडद्यावर लिहून दाखवणारं ॲप.

मामांचा नियम एकच. वस्तू महिनाभर स्वतः वापरायची, मगच खडू हातात घ्यायचा. एकदा एक बाई म्हणाल्या, “मामा, हे नवीन घड्याळ कसं आहे? चांगलं असेल ना?”

“बारा दिवस झालेत. अठरा दिवसांनी या.”

“अहो, अंदाजे तरी सांगा!”

“अंदाजे मी माझ्या बायकोलाही काही सांगत नाही,” मामा म्हणाले.

आता मामा सख्खे कुणाचे ते सांगते. भिंगरीचे. भिंगरी म्हणजे त्यांच्या बहिणीची मुलगी. एका जागी टिकायची नाही म्हणून हे नाव. तिचे वडील सुतार. मामा त्यांना दाजी म्हणायचे, म्हणून मीही दाजीच म्हणते. तीस वर्षं लाकूड कापायच्या मशीनजवळ उभं राहून दाजींचे कान गेले होते. कानाचं मशीन लावलं तर शिट्टी वाजते म्हणून ते काढून ठेवायचे. ते बोललेलं लिहून दाखवणारं ॲप मामांनी शोधलं होतं ते त्यांच्यासाठीच. फोन समोर धरायचा, समोरचा काय बोलतो ते वाचायचं. कुणी सवयीनं कानाशी ओरडलं की दाजी म्हणायचे, “ओरडू नका हो, मी वाचतोय.”

भिंगरीनं वेल्डिंगचा दोन वर्षांचा कोर्स पुरा केला. शेवटच्या कार्यक्रमात साठ जणांमधून एकट्या तिला बोलायला निवडलं होतं. सात मिनिटं.

“काय बोलणार आहेस?” दाजींनी विचारलं.

“तिथंच वाचा. आधी सांगितलं तर काय मजा!”

तिनं कागदावरसुद्धा काही लिहिलं नव्हतं. सगळं डोक्यात. आणि दाजींचा फोन म्हातारा, ते ॲप चालू केलं की अर्ध्या तासात मान टाकायचा. कार्यक्रमाला तीन दिवस उरले होते. मामांची बहीण दुकानात येऊन बसली. ती लॉंड्रीत कामाला, तिला त्या दिवशी सुट्टी नव्हती.

“मी नसणार बरं का शेजारी. सांगायला कुणी नाही. ते एकटेच असणार. फोन बंद पडता कामा नये, काय ते बघ.”

मामांनी माझं खोकं उघडलं. बटण दाबलं. मी चारही दिवे लावले. फोन जोडला, तो पाच टक्के चढला. मामांनी फळ्याकडं बघितलं, कॅलेंडरकडं बघितलं, डोकं खाजवलं.

“महिना कुठून आणू आता?” ते स्वतःशीच पुटपुटले. आणि मला बहिणीच्या हातात दिलं. एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. पण बहीण म्हणाली, “फळ्यावर हिचं नाव नाही ते?” तिला धीर वाटावा म्हणून मामांनी खडू घेतला आणि माझं नाव लिहिलं. तिसऱ्या नंबरला.

मित्रांनो, मी तेव्हा एक दिवा विझवायला हवा होता. निदान एक. पण माझं नाव फळ्यावर! बहीण निघेपर्यंत दुकानात येणारा प्रत्येक जण म्हणायचा, “ही का ती नवीन?” कौतुकानं मी अशी तरंगले की पोटात काही नाही हे मी स्वतःलाही सांगेना.

कार्यक्रमाच्या दिवशी दाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला. मला छातीच्या खिशात ठेवलं, केबल फोनला लावली. सभागृहात ते मधल्या रांगेत बसले. भिंतीला प्लग होता, सहा खुर्च्या सोडून. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. दाजींनी तिकडं एकदा बघितलं, मग माझं बटण दाबलं. चार दिवे. ते तिथंच निवांत टेकले. आधी इतरांची भाषणं झाली, तीही त्यांनी वाचली, त्यात तासभर गेला.

भिंगरी उभी राहिली. फोनच्या पडद्यावर अक्षरं धावायला लागली. ‘मला पहिलं हत्यार बाबांनी हातात दिलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. ते म्हणाले, हातोडी टोकाला धर, गळा आवळू नकोस तिचा.’ सगळे हसले. दाजीही हसले, सगळ्यांच्या एक क्षण मागून, वाचून. त्यांच्या हसण्याच्या त्या एका क्षणासाठी भिंगरी मंचावर थांबली होती. मला ते दिसलं नाही, पण कळलं.

तीन मिनिटं. मग मी संपले. थोड्याच वेळात फोनही संपला.

दाजींनी माझं बटण दाबलं. मित्रांनो, माझे चारही दिवे लागले. शर्टातून हिरवे दिसत होते. त्यांना वाटलं, पॉवर बँक तर भरलेली आहे, म्हणजे केबलचं काही असणार. ते केबल काढत, पुसत, उलटी लावत बसले. मी एक दिवा कमी दाखवला असता तर ते उठून त्या रिकाम्या खुर्चीवर गेले असते. सहा खुर्च्यांचं अंतर. मी त्यांना ते चालू दिलं नाही.

मला ऐकू येत होतं. त्यांना नाही. आणि तेवढ्यात भिंगरी म्हणाली, “माझे बाबा इथं बसलेत. बाबा, जरा उभे राहा ना.”

सगळं सभागृह त्यांच्याकडं वळलं. टाळ्या सुरू झाल्या. दाजींनी मान वर केली, एवढे चेहरे आपल्याकडं बघून हसताहेत, टाळ्या वाजवताहेत. त्यांना वाटलं, पोरीचं बोलणं संपलं. तेही बसल्या बसल्या जोरजोरात टाळ्या वाजवायला लागले.

शेजारच्या बाई म्हणाल्या, “अहो, तुम्हालाच म्हणतेय ती! उठा की!”

“हो, हो,” दाजी अभिमानानं म्हणाले, “माझीच मुलगी.”

कुणीतरी फिसकन हसलं. भिंगरी थांबून राहिली. मग तिनं सावरून घेतलं, “असू दे, बसा बाबा. लाजतात ते,” आणि राहिलेलं सगळं ती घाईघाईनं बोलून उतरली.

खाली आल्यावर तिनं फोन समोर धरून विचारलं नाही. हातानं खूण केली, कसं झालं?

“फार छान बोललीस,” दाजी म्हणाले. “शेवट तर फारच छान.”

तिनं विझलेला फोन बघितला. मग खिशातले माझे दिवे बघितले. मला कुणी उचलून भिंतीवर आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी बहीण दुकानात आली ती पदर खोचूनच. “तुझ्या फळ्यावर माझा विश्वास होता रे. लोकांना तू महिना थांबवतोस, आणि माझ्याच माणसाला पाच टक्के?”

मामांनी खडू उचलला. माझं नाव पुसलं नाही त्यांनी. त्यापुढं लिहिलं, ‘हे मी न वापरता लिहिलं. घेऊ नका. चूक माझी आहे.’ गिऱ्हाइकं वाचायची, मामांकडं बघायची. मामा मान खाली घालून स्क्रू फिरवत राहायचे.

आठवड्यानं ते मला घेऊन दाजींच्या कारखान्यात गेले. भिंगरीही होती. दाजींचा फोन या वेळी भिंतीतल्या प्लगला लावलेला होता. मामा म्हणाले, “दाजी, माफ करा. मी वापरून बघितली नव्हती.”

दाजींनी वाचलं. म्हणाले, “मीही बघितली नव्हती. दिवे बघितले फक्त.” मग पोरीकडं वळले. “ते राहिलेलं सांग ना मला.”

भिंगरी उभी राहिली. बोलायला लागली आणि दोन वाक्यांत अडकली. “बाबा, तेव्हा जमलं होतं. आता नाही येत तसं.”

“जेवढं आठवतंय तेवढं सांग.”

तिनं सांगितलं. चार मिनिटांचं मिनिटभर झालं असेल. दाजींनी एकेक ओळ बोटानं थांबवून वाचली. मग रंधा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. बाकीची तीन मिनिटं कुणाकडंच नाहीत. माझ्यामुळं नाहीत.

त्यानंतर मी किती तरी वर्षं मामांच्या काउंटरवर पडून होते. नवीन काही आलं की मामा आधी मला गिऱ्हाइकासमोर ठेवायचे, बटण दाबायचे, चार दिवे दाखवायचे आणि म्हणायचे, “बघा, किती छान दिसतंय. आता थांबा महिनाभर.” हेच माझं काम. आता माझं पोट फुगलंय. उद्या मामा मला जुन्या बॅटऱ्या गोळा करतात तिथं नेणार आहेत. फुगलेल्या पॉवर बँकेला टोचू नका आणि कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, आग लागते. मामांनी मला वाळूच्या डब्यात वेगळं ठेवलंय.

मित्रांनो, तुम्हीही एकमेकांना सांगत असाल, हे ॲप घे, ते यंत्र घे, एकदम भारी आहे. सांगा, जरूर सांगा. पण सांगण्याआधी वापरा. आणि ज्याला देताय त्याला एवढं विचारा, ‘हे ऐन वेळी बंद पडलं तर तुझं काय जाईल?’ दाजींना हे कुणी विचारलं असतं, तर ते म्हणाले असते, ‘माझी पोरगी मला हाक मारेल आणि मी बसून राहीन.’ मग मामांनी मला खोक्याबाहेरही काढलं नसतं.